बेळगावात घर बघताय? एरिया सेफ आहे का नाही ते असं तपासा

दरवर्षी जून जवळ आला की हा प्रश्न सगळीकडनं येतो. चंदगड, खानापूर, निपाणी, आजरा, कुठनं कुठनं पोरंपोरी शिकायला येतात, कोणाला उद्यमबागला जॉब लागतो, कोण नर्सिंगला येतंय, आणि आईवडील फोन करून विचारतात, "तो एरिया सेफ आहे काय हो?" उत्तर पण ठरलेलं असतंय. गावात नको, गल्लीबोळात लई गर्दी, बाहेर लेआउटला (प्लॉट पाडलेल्या नव्या वसाहतीत) बघा, शांत आहे. हे ऐकलं की मला खरंच काळजी वाटते, कारण एकट्या राहणाऱ्या पोरीला किंवा म्हाताऱ्या आईवडिलांना आपण "शांत" म्हणून जिथं ठेवतो तिथं रात्री साडेनऊला हाक मारली तर ऐकायला माणूस नसतो. म्हणून घर बघायला जाताना काय बघायचं, कोणाला काय विचारायचं हे सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

आधी ठरवा, भीती नेमकी कशाची

"सेफ" म्हणजे काय हे ठरवल्याशिवाय एरिया बघण्यात अर्थ नाही, कारण प्रत्येक गुन्ह्याची जागा वेगळी असते. पाकीट, मोबाईल मारणारे गर्दी शोधतात, म्हणजे सीबीटीला (मुख्य बसस्टँडला) बसमध्ये चढताना, गणपत गल्ली-खडेबाजारात सणाच्या आधी, शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, गणपती विसर्जन, अशा ठिकाणी. गळ्यातली चेन ओढणारे उलट गर्दी टाळतात, त्यांना सरळ रुंद रस्ता पाहिजे, दोन गाड्यांमध्ये अंतर पाहिजे आणि लगेच मेन रोडला किंवा हायवेला लागता आलं पाहिजे, त्यामुळे सकाळी फिरायला निघालेल्या बायका आणि नवीन एक्स्टेंशनचे मोकळे क्रॉस (आडवे रस्ते) हे त्यांचं ठिकाण. (१ जुलै २०२४ पासून आयपीसीच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत हिसकावून नेण्याला वेगळं कलमच आहे, ३०४, तीन वर्षांपर्यंत शिक्षा.) घरफोडी करणारा बंद घर बघतो, त्याला एरिया श्रीमंत का गरीब यापेक्षा कुलूप किती दिवस आहे हे महत्त्वाचं. आणि ऑनलाइन फसवणुकीला तर एरियाच नाही, तुम्ही सदाशिवनगरात राहा नाहीतर कणबर्गीत, फोन सगळीकडे येतो.

तर कोण राहणार आहे आणि त्याची वेळ काय ते लिहून काढा. कॉलेजची पोरगी संध्याकाळी क्लासवरनं आठला येणार असेल तर तिच्यासाठी बस स्टॉप ते दार हा तुकडा महत्त्वाचा. आईवडील दोघंच राहणार असतील तर दुपारी दोन ते चार, जेव्हा सगळे कामावर असतात आणि "गॅस चेक करायला आलोय" म्हणणारा येतो, ती वेळ महत्त्वाची. दोघांना एकच एरिया सेफ असेल असं नाही.

गर्दी म्हणजे गुन्हे, हे डोक्यातनं काढा

आता जरा आकडे बघू, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर शहरांच्या याद्या फिरतात आणि लोक त्यावरनं घर ठरवतात. एनसीआरबीच्या (देशभरातल्या गुन्ह्यांचे आकडे गोळा करणाऱ्या सरकारी खात्याच्या) २०२२ च्या रिपोर्टमध्ये मोठ्या शहरांत दर लाख लोकांमागं सगळ्यात कमी दखलपात्र गुन्हे (ज्यात पोलीस थेट एफआयआर घेतात असे) कोलकात्यात नोंदले गेले, ८६.५. पुण्यात २८०.७ आणि हैदराबादला २९९.२. आता कोलकाता म्हणजे काय मोकळंढाकळं शहर नाही, २०११ च्या जनगणनेत तिथं एका चौरस किलोमीटरमध्ये २४ हजारांच्या वर माणसं होती. टोकियोच्या आतल्या भागात पण पंधरा हजारांच्या आसपास आहेत आणि जपानमध्ये खुनांचं प्रमाण जगातल्या सगळ्यात कमी देशांत मोजलं जातं. म्हणजे माणसं दाटीनं राहतात म्हणून गुन्हे वाढतात असं सरळ गणित नाहीच.

उलटं पण लगेच धरू नका, की दाटी असली की सेफच. नोंदलेले गुन्हे आणि घडलेले गुन्हे यात फरक असतो. जिथं पोलीस तक्रार घेतात आणि लोक जाऊन देतात तिथला आकडा फुगतो, जिथं लोक "कशाला लफडं" म्हणून गप्प बसतात तिथं कागदावर सगळं छान. शिवाय एनसीआरबी एका एफआयआरमधला सगळ्यात मोठा गुन्हाच मोजते, बाकीची कलमं त्या मोजणीत येत नाहीत. आणि ती मोठ्या शहरांची यादी २० लाखांच्या वरच्या १९ शहरांची आहे, बेळगाव शहर २०११ ला पाच लाखांच्या आतच होतं, त्यामुळे "बेळगाव कितव्या नंबरवर" म्हणून कोण त्या यादीचा फोटो टाकत असेल तर ते धरू नका.

दर लाखाचा हिशोब बाजारपेठेच्या भागाला लावताना पण चुकतो. मारुती गल्ली, खडेबाजार, रविवार पेठ इथं राहणारी कुटुंबं मोजकी, पण दिवसा अख्ख्या तालुक्यातनं आणि पलीकडनं चंदगडपर्यंतची माणसं येतात. मोबाईल गेले ते येणाऱ्यांचे, आणि भागायचं राहणाऱ्यांच्या संख्येनं, मग तो भाग कागदावर भयंकर दिसणारच. त्याच गल्लीत माडीवर राहणाऱ्या आजीला रात्री कशाचीच भीती नसते.

अजून एक फरक लक्षात ठेवा, एका एकरात घरं किती आणि एका खोलीत माणसं किती. पहिल्यात काही वाईट नाही, गल्ली जागती राहते. दुसऱ्यात त्रास आहे, दहा बाय दहाच्या पीजीच्या खोलीत पाचजण, लॉकर नाही, बाथरूमची कडी नीट लागत नाही, मेन दाराची चावी कोणाकोणाकडे आहे कोणाला माहीत नाही. त्यामुळे पीजी बघताना एरियापेक्षा खोली जास्त बघा.

जाऊन उभं राहा, आणि वेगवेगळ्या वेळी

ओनर घर दाखवतो सकाळी अकराला, ऊन पडलेलं असतंय, सगळं चकाचक. ती वेळ उपयोगाची नाही. संध्याकाळी सात ते साडेआठ एकदा, रात्री साडेदहाला एकदा, आणि जमलं तर पावसात एकदा जावा. बेळगावचा पाऊस म्हणजे जुलैत आठवडा आठवडा ऊन दिसत नाही, दारं खिडक्या बंद, कट्ट्यावर कोण नाही, लाइट जाते, आणि सहा वाजताच रस्ता आठ वाजल्यासारखा होतो. उन्हाळ्यात गजबजलेला क्रॉस पावसाळ्यात कसा असतो हे बघितल्याशिवाय कळत नाही.

बस स्टॉपपासून किंवा रिक्षा जिथं सोडणार तिथपासून चालत या, गाडीवरनं नको. गाडीवरनं बघितलेला रस्ता आणि चालून बघितलेला रस्ता वेगळा. दोन खांबांच्या मधोमध उभं राहून समोरनं येणाऱ्या माणसाचा चेहरा ओळखू येतो काय बघा, नुसता खांब आहे म्हणून टिकमार्क करू नका. खूप ठिकाणी दिवा लागलेला असतो पण गुलमोहराच्या फांदीच्या वर, खाली रस्त्यावर काळोखच. उजेडाचा फरक किती पडतो ते न्यूयॉर्कमध्ये २०१६ ला नीट तपासलेलं आहे, सरकारी वसाहतींमध्ये चिठ्ठ्या टाकल्यासारखं काही ठिकाणी जास्तीचे दिवे बसवले, काही ठिकाणी नाही, तर दिवे होते तिथं रात्रीचे बाहेर घडणारे गंभीर गुन्हे ३६ टक्क्यांनी कमी झाले.

मग घरांची तोंडं बघा. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कमी लोक बघतात. शहापूर, वडगाव, खासबाग, अनगोळच्या जुन्या गल्ल्यांत घराचा सोपा (पुढची ओसरी) थेट रस्त्यावर उघडतो, दारात कट्टा, कट्ट्यावर कोणतरी शेंगा फोडत नाहीतर भाजी निवडत बसलेलं, कोपऱ्यावर किराणा दुकान रात्री दहापर्यंत अर्ध्या शटरनं उघडं. वडगाव-खासबागकडं तर अजून माग आहेत, ज्या गल्लीत मागाची खटखट उशिरापर्यंत चालू असते तिथं रात्री पण माणूस जागा असतोय, चहाला बाहेर येतोय, अनोळखी गाडी दोनदा फिरली की विचारतोय, "कोण पाहिजे?" हा प्रश्न नवीन माणसाला खटकतो, पोरं म्हणतात प्रायव्हसी नाही. मान्य आहे, गल्लीत तुमच्याकडे कोण आलं कोण गेलं सगळ्यांना माहीत असतं आणि पोरींना त्याचा जाच पण होतो, ते मी हलकं धरत नाही. पण तोच प्रश्न चोराला पण विचारला जातो. अमेरिकेत जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये हेच मांडलं होतं, रस्ता सेफ ठेवतात ते रस्त्यावर असलेले सामान्य लोकांचे डोळे, दुकानदार, खिडकीतली बाई, येणारे जाणारे.

आता नवीन लेआउट बघा. साईट (प्लॉट) चाळीस बाय साठ फूट, दहातल्या चारवर घरं, बाकी मोकळ्या. मोकळ्या साईटवर कमरेएवढं गाजरगवत. घराला सहा-सात फुटी कंपाउंड, वर काचा, लोखंडी गेट पत्र्यानं मढवलेलं, घरातनं रस्ता दिसत नाही आणि रस्त्यावरनं घर दिसत नाही. मालकाला वाटतं आपण बंदोबस्त केला. कंपाउंडवरनं एकदा आत उडी मारली की चोराला निवांत काम करायला पडदा मिळाला, असं ते होतं. जाळीचं गेट, कमी उंचीचं कंपाउंड आणि समोरच्या घराची खिडकी आपल्या दाराकडे असेल तर ते घर जास्त चांगलं. सगळे लेआउट वाईट असं मी म्हणत नाही, भाग्यनगर, हिंदवाडीकडं घरं भरलेली आहेत, दवाखाने, दुकानं, क्लासेस आहेत, तिथं दहापर्यंत रस्ता चालू असतो. किती साईट भरल्या आहेत ते मोजा, नुसतं नाव बघू नका.

बायका किती दिसतात तेही बघा. रात्री नऊला रस्त्यावर फक्त पुरुष असतील तर गर्दी असून उपयोग नाही, आणि मोजक्याच चारजणी चालत असतील, एखादी म्हातारी, एखादी लहान पोराला घेऊन, तर तो रस्ता बरा आहे. दिल्लीत २०१३ ला सेफ्टीपिन नावाचं अ‍ॅप सुरू झालं, त्यात रस्त्याला मार्क द्यायचे नऊ मुद्दे आहेत, उजेड, मोकळी नजर, किती जणांना तुम्ही दिसता, माणसं, त्यात बायका किती, चालायची वाट, बस-रिक्षा, गार्ड-पोलीस, आणि शेवटी तिथं उभं राहून कसं वाटतं. ही यादी मोबाईलमध्ये उतरवून घ्या आणि ज्या पोरीला राहायचं आहे तिलाच मार्क देऊ द्या, भावाला नको.

कोणाला विचारायचं, काय विचारायचं

ओनर आणि एजंट सोडून बाकी सगळ्यांना विचारा. इस्त्रीवाला, दूधवाला, कोपऱ्यावरचा किराणा, फुलं विकणाऱ्या मावशी, रिक्षा स्टँड. "एरिया सेफ आहे काय?" असं विचारलं की सगळे हो म्हणतात, आपल्या गल्लीला कोण नाव ठेवणार. त्यापेक्षा विचारा, मावशी, वर्षभरात कोणाची गाडी, चेन, काय गेलं काय? रात्री दहाला एकटी पोरगी येते काय ह्या रस्त्यानं? लाइट गेली तर किती वेळात येते? तो कोपऱ्यावरचा बार किती वाजता बंद होतो आणि बंद झाल्यावर माणसं कुठं जातात? रिक्षावाल्याला विचारा, रात्री अकराला इथं यायला किती घेणार. तो यायलाच नाही म्हणाला किंवा दुप्पट सांगितलं तर कारण विचारा, रस्ता खराब आहे, कुत्री आहेत, का अजून काय, ते कळेल.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो. आपल्याकडं विचारलं की लोक अमक्या जातीचे, तमक्या धर्माचे, त्या भाषेचे लोक राहतात म्हणून "तिकडं नको" असं सांगतात. हे गुन्ह्याचं उत्तर नाही. विचारणाऱ्यानं पुढचा प्रश्न विचारावा, नेमकं काय झालं, कधी झालं, कोणाचं काय गेलं? बहुतेक वेळा पुढं काही येत नाही. असल्या ऐकीव गोष्टीवरनं चांगली, भरलेली, जागती गल्ली सोडून लोक निर्जन क्रॉसवर जास्त भाडं देऊन राहतात, आणि त्या गल्लीतल्या कष्टकरी माणसांची नाहक बदनामी होते ती वेगळीच.

"बेळगावात गडबड आहे म्हणे"

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा. सीमाप्रश्नावरनं काही झालं, कर्नाटक विधिमंडळाचं डिसेंबरचं बेळगावातलं अधिवेशन आलं, एक नोव्हेंबर (कर्नाटकाचा राज्योत्सव, सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिवस) आला की कोल्हापूर-पुण्याचे पाहुणे फोन करतात, पोरीला परत बोलव. टीव्हीवर एका चौकातलं तेच दोन मिनिटांचं दृश्य दिवसभर फिरतं आणि बघणाऱ्याला अख्खं शहर पेटल्यासारखं वाटतं, इकडं टिळकवाडीत लोक भाजी घेत असतात. सीमाप्रश्नाचं दुःख खरं आहे, पण त्या दिवसांची काळजी वेगळी आणि राहत्या गल्लीची सुरक्षितता वेगळी, दोन्ही एकत्र करू नका. त्या दिवसांत करायचं एवढंच, दोन्ही राज्यांच्या बस चालू आहेत काय हे निघायच्या आधी स्टँडवर फोन करून विचारा, कारण तणाव झाला की निपाणीच्या पुढं कोगनोळीजवळ आधी बस थांबतात. मोर्चा-बंदोबस्त असलेल्या चौकातनं जाऊ नका, दुसऱ्या राज्याची पाटी असलेली गाडी त्या दिवशी रस्त्याकडेला लावून ठेवू नका, आणि तारीख, जागा माहीत नसलेला व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकू नका, तो बघून गावाकडं आईला रात्रभर झोप लागत नाही.

पोलिसांचं काम कसं चालतं ते माहीत करून घ्या

बेळगाव शहराला २०१४ पासून पोलीस कमिशनरेट आहे, आणि तुमचा रस्ता कुठल्या ठाण्याखाली येतो, मार्केट, खडेबाजार, कॅम्प, शहापूर, टिळकवाडी, माळमारुती, उद्यमबाग, एपीएमसी का ग्रामीण, हे घर घ्यायच्या आधीच विचारून ठेवा, हद्दीवरच्या एक्स्टेंशनमध्ये लोकांना हेच माहीत नसतं. अडचणीत ११२, ऑनलाइन पैसे गेले तर लगेच १९३०, पहिल्या तासात फोन केला तर पैसे अडवता येण्याची शक्यता बरीच जास्त असते. बायकांसाठी १८१ पण आहे.

हद्द आमची नाही म्हणून कोण परत पाठवत असेल तर लक्षात ठेवा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची तक्रार कुठल्याही ठाण्यात घ्यावी लागते, झिरो एफआयआर म्हणतात त्याला. ऑनलाइन माहिती दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. तक्रार लिहून घेतल्यावर ती तुम्हाला वाचून दाखवायची असते आणि एफआयआरची कॉपी फुकट मिळते. आपल्या मराठी माणसांचं इथं अडतं, एफआयआर कन्नडमध्ये असतो आणि लोक न समजता सही करतात. कन्नड वाचता येणारा शेजारी सोबत न्या, दागिन्याचं वजन, गाडीचा नंबर, वेळ, जागा, एकेक ओळ समजून घ्या, मग सही करा. आणि छोटी गोष्ट म्हणून सोडू नका. छेडछाडीची तक्रार कोणीच दिली नाही तर तो रस्ता कागदावर सेफ राहतो, आणि तिथं दिवा, गस्त मागायला हातात काही राहत नाही.

गस्त वाढवली की सगळं सुटेल असं पण नाही. अमेरिकेत कॅन्सस सिटीत १९७२-७३ ला काही भागांत गाडीनं गस्त वाढवली, काही भागांत बंद केली, गुन्ह्यांत आणि लोकांच्या भीतीत फरक दिसला नाही. नुसती जीप फिरून जाण्यापेक्षा बीटवरचा (आपल्या भागाची जबाबदारी असलेला) पोलीस नावानं ओळखीचा असणं जास्त कामाला येतं, म्हणून त्याचा नंबर घ्या.

राहायला गेल्यावर

पहिल्याच आठवड्यात आजूबाजूच्या चार घरांत स्वतः जाऊन ओळख सांगा, गल्लीच्या मंडळाची वर्गणी द्या, हळदीकुंकवाला जा. गावाकडं जत्रेला जाताना दूध-पेपर बंद करा, पण बाहेरचा दिवा दिवसरात्र चालू ठेवू नका, दुपारी लागलेला दिवा बघितला की घर रिकामं आहे हे कोणालाही कळतं, शेजारच्यांना सांगून संध्याकाळी लावायला आणि दारात सडा मारायला लावा. कुलूप बाहेरनं दिसणारं लटकतं नको, आतलं लॉक बसवून घ्या, आणि सोनं घरी ठेवून जाऊ नका, लॉकरचं वर्षाचं भाडं त्यापुढं काहीच नाही.

बंद दिव्याची तक्रार कॉर्पोरेशनला देताना "आमच्या गल्लीत अंधार आहे" असं लिहू नका. खांबाचा नंबर, रात्रीचा फोटो, जवळची खूण आणि गल्लीतल्या आठ-दहा जणांच्या सह्या द्या, पोच घ्या आणि कॉपी नगरसेवकाला द्या. खांबाला नंबर नसेल तर शेजारच्या घराचा नंबर लिहा. अख्ख्या एरियाची लाइट गेली असेल तर ते हेस्कॉमचं (वीज कंपनीचं) काम, फोन १९१२. मोकळ्या साईटवरच्या गवतासाठी साईटच्या मालकाला आधी सांगून बघा, नाही ऐकलं तर कॉर्पोरेशनच्या हेल्थ खात्याला साप-डासांचं कारण देऊन लिहा, त्या कारणानं काम लवकर हलतं.

आणि अ‍ॅडव्हान्स द्यायच्या आधी शेवटचं, दोन घरांत अडकला असाल, एक गल्लीतलं जुनं दोन खोल्यांचं, आवाज आहे, पार्किंग नाही, आणि एक लांबचं नवं, मोठं, मोकळं, तर जिला रोज रात्री आठला घरी यायचं आहे तिला दोन्ही ठिकाणी स्टॉपपासून दारापर्यंत एकटीनं चालवा, तुम्ही मागं लांब राहा, आणि ती जे सांगेल त्या घराचा अ‍ॅडव्हान्स द्या.